कार्डाच्या खाचेतून चंचुप्रवेश

नोव्हेंबर उजाडला की निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला सादर करावा लागतो, हे या पानाच्या वाचकांना सांगावयास नको. बँकेच्या पायऱ्या चढून आपण जिवंत असल्याचे कारकुनाला पटवून देण्याचा तो सोहळा १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ योजनेचा प्रारंभ झाल्यापासून पुष्कळांच्या बाबतीत सुकर झाला. संगणकाला किंवा साध्या अँड्रॉइड मोबाइलला अंगठ्याचा ठसा घेणारे एक लहानसे यंत्र तारेने जोडावयाचे, त्यावर अंगठा टेकवावयाचा आणि आधारच्या नोंदीशी तो जुळला की दाखला तयार. खेडोपाडी बँकमित्र म्हणून काम करणारी मंडळी लोकांच्या खात्यांतील पैसे त्यांना दारात देतात, तेही बऱ्याच ठिकाणी याच रीतीने. २०२१ पासून चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय झाली. तथापि ठशाचे यंत्र त्यामुळे हद्दपार झालेले नाही.

या व्यवहारातील एक गोष्ट इतकी सहज घडते की, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मोबाइलला बाहेरचे यंत्र जोडता येते आणि मोबाइल त्याचे म्हणणे ऐकतो, हे सारे जण गृहीत धरून चालतात. ज्या मोबाइलला असे यंत्र जोडता येत नाही तो ठशाच्या कामी निरुपयोगी, मग त्याचा कॅमेरा कितीही डोळस असो. तेव्हा ‘माझ्या यंत्राला मी काय जोडावे’ हा प्रश्न हौशी तंत्रज्ञांच्या गप्पांपुरता राहिलेला नाही. त्यात कोणाचे तरी निवृत्तिवेतन अडकलेले आहे. या प्रश्नाचा इतिहास फार मागे जात नाही. पण त्यात एक मौजेचे आडवळण आहे. हातात मावणाऱ्या कित्येक यंत्रांत यूएसबीची जोडणी शिरली ती मेमरी कार्डासाठी ठेवलेल्या खाचेतून, म्हणजे निर्मात्याने केवळ साठवणुकीसाठी उघडे ठेवलेल्या एका बाजूच्या दाराने.

यूएसबी ही जोडणीची पद्धती १९९६ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी संगणकाच्या पाठीमागे छपाईयंत्राची सोय निराळी, कळफलकाची निराळी, माउसची आणखी निराळी असा बारा गावचा बाजार असे. तो मोडून सर्वांना एकच सोय देण्याची कल्पना यशस्वी झाली, तिच्या प्रमुख शिल्पकारांत इंटेल कंपनीतील अजय भट्ट यांची गणना होते. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर, ही गोष्ट गायकवाडांच्या विद्याप्रेमाचा अभिमान बाळगणाऱ्या मराठी माणसाला सुखविल्यावाचून राहणार नाही. असो. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की, या पद्धतीच्या मुळाशीच एक पंक्तिभेद आहे. जोडणीत एक यजमान असतो आणि बाकीचे सारे पाहुणे. वीज यजमानाने पुरवावयाची, कोणी केव्हा बोलावे हे यजमानाने ठरवावयाचे, पाहुण्याने विचारल्याखेरीज तोंड उघडावयाचे नाही. दोन पाहुण्यांना एकमेकांशी परस्पर बोलता येऊ नये म्हणून तारेच्या दोन टोकांचे आकारदेखील भिन्न ठेवले गेले.

घरच्या मेजावर संगणक यजमान आणि छपाईयंत्र पाहुणे, हे ठीकच होते. परंतु २००० च्या सुमारास पाम, आयपॅक, झॉरस अशी हातात मावणारी यंत्रे बाजारात आली तेव्हा पंचाईत झाली. अंगी संगणकाचे पुष्कळ गुण असूनही त्यांना यूएसबी मिळाली ती पाहुण्याची. म्हणजे मोठ्या संगणकाला जोडून पत्ते आणि टिपणे उतरवून घेण्यापुरती. या यंत्रांना कळफलक जोडावा, पेनड्राइव्ह लावून त्यातील मजकूर वाचावा, असे म्हटले तर तशी सोयच नव्हती. ज्याच्या घरात पाहुण्याला बसावयास जागा नाही अशा गृहस्थासारखी त्या यंत्रांची गत होती.

जागा सापडली ती कार्डाच्या खाचेत. सँडिस्क कंपनीने १९९४ मध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश नावाचे मेमरी कार्ड आणले. ४३ मिलिमीटर लांब, ३६ मिलिमीटर रुंद, आणि त्याला ५० जोडबिंदू. हे कार्ड म्हणजे लॅपटॉपमध्ये बसणाऱ्या ६८ जोडबिंदूंच्या पीसी कार्डाचे धाकटे भावंड होते. विजेच्या संकेतांची भाषा दोघांची एकच. लॅपटॉपच्या त्या मोठ्या खाचेत मोडेम बसे, नेटवर्कचे कार्ड बसे. साहजिकच धाकट्या खाचेतही केवळ स्मृती बसावी असे बंधन उरले नाही. आयबीएमने तर १९९९ च्या सुमारास फिरती तबकडी असलेली इवलीशी हार्ड डिस्क त्याच आकारात आणून बसविली. मग जपानच्या रॅटॉक कंपनीने ‘रेक्स-सीएफयू’ या नावाने एक कार्ड काढले, त्याच्या एका टोकाला कॉम्पॅक्टफ्लॅशचे जोडबिंदू आणि दुसऱ्या टोकाला यूएसबीची सोय होती. खाचेत ते कार्ड सरकविले की आजवरचे पाहुणे यंत्र यजमान होई. कार्डातील एक छोटी चिप यजमानपणाचे सारे काम पाही. वेग जुन्या यूएसबीचा, सेकंदाला १२ मेगाबिट एवढाच. पण टंकलेखनाला आणि चार धारिका उतरविण्याला तो पुरेसा होता. कळफलक, माउस, पेनड्राइव्ह यांसाठी जे दार निर्मात्याने ठेवलेच नव्हते ते असे मालकाने आपल्या पैशाने बसवून घेतले.

येथे थांबून एक गोष्ट नीट पाहावयास हवी. कार्ड खाचेत बसले म्हणजे काम झाले असे नव्हते. यंत्रातील मूळ आज्ञावलीला त्या कार्डाशी बोलता आले पाहिजे. हे बोलणे करून देणारी जी दुभाषी आज्ञावली असते तिला तंत्रज्ञ ड्रायव्हर म्हणतात. कंपनीने आपल्या कार्डासोबत काही यंत्रांसाठी ड्रायव्हर दिला. जी यंत्रे त्या यादीत नव्हती त्यांच्या मालकांनी काय करावे? ज्यांच्याजवळ लिनक्सवर चालणारा शार्पचा झॉरस होता त्यांच्यासाठी हौशी आणि व्यावसायिक कार्यकर्त्यांनी ड्रायव्हर लिहिला, आणि तो पुढे लिनक्सच्या मूळ गाभ्यातच समाविष्ट झाला. त्या धारिकेत या जपानी कार्डाचा उल्लेख नावानिशी आढळतो. कार्डे बाजारातून गेली, ती ज्यांत बसत ती यंत्रे भंगारात गेली, पण दुभाषी मागे राहिला. खाच उघडी असणे आणि आज्ञावली उघडी असणे ही दोन्ही चाके एका गाड्याची आहेत, याचा याहून चांगला दाखला मिळावयाचा नाही.

पुढे कॉम्पॅक्टफ्लॅश मागे पडले आणि एसडी कार्ड आले. १९९९ मध्ये तोशिबा, मात्सुशिता आणि सँडिस्क यांनी मिळून ते जाहीर केले. टपालाच्या तिकिटाएवढा आकार, नऊ जोडबिंदू. एसडी या आद्याक्षरांतील पहिल्याचा अर्थ ‘सुरक्षित’ असा आहे. सुरक्षित कोणापासून? वाचकांस वाटेल चोरापासून किंवा पाण्यापासून. तसे नव्हे. कार्डावर विकलेल्या गाण्याची प्रत कार्डाच्या मालकाने काढू नये यासाठी संगीत कंपन्यांच्या आग्रहाने जी कुलपे त्यात बसविली त्यांवरून हे नाव पडले. म्हणजे वस्तू ज्याच्या खिशात, त्याच्यापासूनच ती सुरक्षित! या एका विशेषणात पुढल्या पंचवीस वर्षांच्या धोरणाची बीजे दिसतात, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

तरीही एसडीच्या खाचेत बाहेरची उपकरणे बसविण्याची वाट ठेवलेली होती. तिला एसडीआयओ म्हणत. ब्ल्यूटूथ, वाय-फाय, छोटा कॅमेरा अशी कार्डे त्या वाटेने खरोखरच आली. मग कॉम्पॅक्टफ्लॅशला जमले ते यूएसबीचे यजमानपण एसडीला का पेलू नये? वेगाची अडचण मुळीच नव्हती. २५ मेगाहर्ट्झच्या ठेक्यावर चार तारांतून सेकंदाला १०० मेगाबिट वाहून नेण्याची त्या खाचेची ऐपत होती, म्हणजे जुन्या यूएसबीच्या आठपट. अडचण थोडीशी विजेची होती. यूएसबीच्या यजमानाने पाच व्होल्ट द्यावयाचे असतात, आणि भुकेल्या पाहुण्याला ५०० मिलिअँपिअरपर्यंत, म्हणजे अडीच वॉट. एसडीच्या खाचेत ३.३ व्होल्टच मिळतात आणि २०० मिलिअँपिअर घेतले तरी हिशेब पाऊण वॉटाच्या आत राहतो. त्यातून व्होल्टता चढविण्यात थोडी वीज उष्णतेत जाणार. एवढ्यावर कळफलकाचा पाहुणचार होईल, हार्ड डिस्कचा होणार नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

पण विजेची अडचण वेगळी बॅटरी देऊन सोडविता येते. खरी अडचण होती परवानगीची. एसडीच्या तांत्रिक नियमांची पूर्ण संहिता संघटनेच्या सभासदांसाठी, शुल्क आणि करार यांच्या आड ठेवलेली होती. बहुतेक मोबाइलमधील खाच फक्त स्मृतीचे कार्ड ओळखे. उपकरण म्हणून कोणी आत आले तर आतला द्वारपाल त्याच्याकडे पाहतही नसे. खाच तीच, तारा त्याच, मात्र आज्ञावली मुकी. कॉम्पॅक्टफ्लॅशच्या युगात मालकाने बसविलेले दार एसडीच्या युगात अशा रीतीने भिंतीवर रंगविलेले दार झाले.

व्यापारी बुद्धी मात्र स्वस्थ बसत नाही. सँडिस्कने २००५ मध्ये उलट दिशेने एक तोडगा काढला. त्यांचे एक एसडी कार्ड मधोमध दुमडे आणि आतून यूएसबीचे टोक बाहेर येई; कॅमेऱ्यातून काढावे, दुमडावे आणि सरळ संगणकाला लावावे. कल्पक खरे, पण त्याने यजमान झाला तो संगणकच. हातातले यंत्र होते तेथेच राहिले. त्यानंतर काही वर्षांनी आय-फाय नावाचे कार्ड आले. कॅमेऱ्याच्या खाचेत बसून ते छायाचित्रे बिनतारी पाठवी. कार्ड मालकाच्या हातात असले तरी त्याची सूत्रे कंपनीच्या दूरच्या संगणकांशी बांधलेली होती. २०१६ मध्ये कंपनीने जुन्या कार्डांचा आधार काढून घेतला, तेव्हा चांगली धडधाकट कार्डे मालकांना निरुपयोगी वाटू लागली. उघड्या खाचेत बसलेली वस्तूही बंद असू शकते, हे त्या ग्राहकांना पैसे मोजून शिकावे लागले.

दरम्यान पुढचे दार उघडण्याची तजवीज झाली होती. २००१ च्या अखेरीस यूएसबीच्या नियमांना ‘ऑन-द-गो’ नावाची पुरवणी जोडण्यात आली. आपल्याकडे एसटी स्थानकाबाहेरच्या टपरीवर ज्या बोटभर तारेला ओटीजी म्हणतात ती याच पुरवणीची अपत्य. तिची युक्ती साधी आहे. छोट्या यूएसबी टोकात चारांऐवजी पाच जोडबिंदू असतात; पाचवा जमिनीला जोडलेला आढळला की मोबाइलने समजावयाचे, आता आपण यजमान. अँड्रॉइडने बाहेरील यूएसबी उपकरणांना हा आतिथ्याचा अधिकार २०११ मध्ये ३.१ या आवृत्तीपासून रीतसर दिला. नियम झाल्यापासून तो सामान्य माणसाच्या खिशात पोहोचेपर्यंत सुमारे दहा वर्षे गेली. बँकमित्राच्या मोबाइलला अंगठ्याचे यंत्र जोडता येते ते या पाचव्या जोडबिंदूच्या परंपरेमुळे.

पुढचे दार उघडले तेव्हा बाजूचे दार बुजविण्यास सुरुवात झाली, हा मात्र निव्वळ योगायोग मानता येत नाही. तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानांवर ‘गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या असत, त्या दिवसांची आठवण अनेकांना असेल. नखाएवढ्या कार्डावर भजने, कीर्तने, लावण्या आणि चित्रपटगीते यांची खिचडी चार-दोन रुपयांत भरून मिळे. त्यातील बहुतेक माल कायद्याच्या दृष्टीने चोरीचा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो ऐकण्यासाठी नेटवर्क लागत नसे, महिन्याचे पैसे लागत नसत आणि आपण काय ऐकतो याची नोंद कोठे होत नसे. दुर्गम शाळेतील शिक्षक चित्रफितींचे धडे कार्डावर घालून नेई, तो याच सोयीवर. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि त्या पाट्या उतरल्या. आता साठवणूक मोबाइलच्या आत विकत घ्यावी किंवा कंपनीच्या दूरच्या कोठारात महिन्याच्या भाड्याने ठेवावी, हे दोनच मार्ग ग्राहकापुढे ठेवणे निर्मात्यांना अधिक किफायतशीर झाले. वाढीव साठवणुकीच्या मोबाइलसाठी निर्माते जो जादा पैसा घेतात तो तेवढ्याच क्षमतेच्या कार्डाच्या किमतीशी ताडून पाहावा. मग खाच का नकोशी झाली ते निराळे सांगावे लागत नाही.

आयफोनला २००७ पासून कार्डाची खाच कधी नव्हतीच. सॅमसंगने आपल्या गॅलक्सी एस मालिकेतील खाच २०१५ मध्ये काढली, ग्राहक नाराज झाल्यावर २०१६ मध्ये परत दिली आणि २०२१ मध्ये पुन्हा काढली. त्याहून उद्बोधक प्रकार २०१३ चा. अँड्रॉइडच्या ४.४ या आवृत्तीने बाहेरून घेतलेल्या ॲपना कार्डावर मनाजोगे लिहिण्यास मज्जाव केला. मोबाइल तोच, कार्ड तेच, पैसे आधीच मोजलेले; पण आज्ञावली अद्ययावत करताच काल चालणारे काम आज बंद. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी वळणावळणाचा एक मार्ग खुला करण्यात आला. घर विकून झाल्यावर विकणाऱ्याने येऊन माजघराला टाळे ठोकावे आणि सुरक्षिततेसाठी हे केले असे सांगावे, त्यातला हा प्रकार.

मग युरोपने कान टोचले. एरवी सोनारानेच टोचावेत असे म्हणतात, येथे ते काम सत्तावीस राष्ट्रांच्या कायद्याने केले. युरोपीय संघाच्या २०२२ च्या निर्देशानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या मोबाइल, टॅब्लेट, कॅमेरे इत्यादींना यूएसबी-सी हीच सोय बंधनकारक झाली. लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. ॲपलने २०२३ मध्येच आयफोन १५ ला ती सोय दिली. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने यूएसबी-सीचे मानक २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध केले. हे सर्व स्वागतार्ह आहे यात शंका नाही. घरात पाच प्रकारचे चार्जर जमविण्याचे दुर्भाग्य त्यामुळे टळेल.

परंतु युरोपचा कायदा वाचू गेल्यास तो चार्जिंगचा कायदा आहे. वीज आत कशी यावी हे त्याने ठरविले. त्या छिद्रातून माहिती किती वेगाने जावी, मोबाइलने यजमान व्हावे की पाहुणाच राहावे, याविषयी तो मौन पाळतो. या मौनाचे फळ आयफोन १५ मध्येच दिसले. साध्या आयफोनला नवे टोक मिळाले, पण माहितीचा वेग २००० सालच्या यूएसबीचा, सेकंदाला ४८० मेगाबिट. महागड्या प्रो प्रकाराला मात्र १० गिगाबिट. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही छिद्रे एकसारखी. दुकानातल्या ग्राहकाने फरक कशावरून ओळखावा?

याला प्रतिपक्षाचे उत्तर आहे, आणि ते थिल्लर म्हणून उडवून लावण्याजोगे नाही. उघडे दार म्हणजे चोराला निमंत्रण. २०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवून दिले की, साध्या पेनड्राइव्हच्या आतली चिप फिरवून ती कळफलकाचे सोंग घेऊ शकते आणि मालकाच्या नकळत आज्ञा टंकित करू शकते. कार्यालयात कोणाचाही पेनड्राइव्ह लावू न देण्याचा नियम असतो तो कारकुनांवर अविश्वास म्हणून नव्हे. खाच नसली की मोबाइल पाण्यापासून राखणे सोपे, आतली स्मृती कार्डाहून जलद, हेही खरे. प्रश्न एवढाच की कुलपाची किल्ली कोणाकडे असावी? ॲपलनेच २०१८ मध्ये एक चांगली व्यवस्था केली: मोबाइल तासभर कुलूपबंद राहिला की जोडणीतून माहिती जाणे थांबते आणि मालकाने कुलूप उघडताच ते पुन्हा सुरू होते, नको असल्यास मालकाला ही व्यवस्था बंदही करता येते. अँड्रॉइडही यूएसबी उपकरण जोडताच ॲपला त्याचा वापर करू द्यावा काय असे विचारतो. या कुलपांना कोणाची हरकत नसावी. हरकत आहे ती दार काढून टाकून त्याला संरक्षण म्हणण्याला, आणि २०१३ प्रमाणे विक्रीनंतर हक्क आक्रसण्याला.

प्रत्येक मोबाइलला कार्डाची खाच असलीच पाहिजे असा हट्ट प्रस्तुत लेखक धरीत नाही. खाचेचे महत्त्व ती उघडी होती यामुळे होते, ती खाच होती यामुळे नव्हे. मागणी साधी आहे. मोबाइलच्या खोक्यावर किंमत छापतात त्याच ठसठशीत अक्षरांत असे लिहिलेले असावे की, हे छिद्र केवळ विजेसाठी आहे की माहितीसाठीही. माहितीचा वेग काय. हे यंत्र यजमान होऊ शकते काय आणि झाल्यास पाहुण्याला किती वीज देते. कार्ड बसते काय. आणि विकताना जे दिले ते आज्ञावली बदलून काढून घेता येणार नाही, याची हमीही सोबत असावी. शासन शाळांसाठी टॅब घेते, अंगणवाड्यांसाठी मोबाइल घेते. त्या निविदांत या अटी घालण्यास कोणाची आडकाठी आहे? ज्या शिक्षकाला वर्गात यूएसबीचे सूक्ष्मदर्शक जोडून कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी मुलांना पडद्यावर दाखवावयाच्या आहेत, किंवा ज्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला ब्रेल दर्शक जोडावयाचा आहे, त्यांना या चार ओळींची किंमत विचारावी.

केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तीत शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने हे विषय घेतले. बिघडलेली वस्तू पूर्ववत करणे हा दुरुस्तीचा हक्क. चालू वस्तूत भर घालणे हा त्याचाच सख्खा भाऊ, पण त्याचे नाव अद्याप कोणी घेत नाही. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि क्षमता यांची माहिती मिळण्याचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नमूद आहे. यूएसबीच्या छिद्राची क्षमता त्या कक्षेत येते एवढे स्पष्ट करणारा एक नियम खात्याने काढला तरी पुरे आहे.